मस्कतच्या भिंतीवर देवीची मोकळी जागा

मी कोण, ते विसरलात ना? विसरणारच. तुम्ही वाचणारी माणसं सगळं मोबाईलमध्ये ठेवता, आणि मग मोबाईल कुठे ठेवला ते शोधत फिरता. मला अक्षर येत नाही. जे आहे ते डोक्यातच ठेवावं लागतं, आणि डोकं मी अजून कुठे विसरून आलेली नाही.

तर पुन्हा सांगते. मी देवली. डहाणू सोडून जव्हारच्या बाजूला आत शिरलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. आम्ही वारली. मी ढवळेरी, म्हणजे आमच्यात गाणी म्हणून लग्न लावते ती बाई. हे सगळं मी पाड्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून फोनवर बोलते आहे, कारण रेंज तिथेच येते. तिकडे मस्कतला माझी नात वनिता ते लिहून घेते. ती तिथे नर्स आहे. मध्येच विचारते, "आजी, हे पण लिहू?" ती विचारते तेव्हा लिहून झालेलं असतं.

जायचं ठरलं ते असं. तिकडच्या मराठी लोकांनी दुसऱ्या काही मंडळींबरोबर मिळून आदिवासींच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं. एक बाजू ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांची, एक बाजू आपली. वनिता म्हणाली, आजी, तू ये. आमचा म्हातारा म्हणाला, तिथे नुसती वाळू, काय बघणार? मी म्हटलं, इतकी वर्षं तुला बघते आहे, वाळू जरा वेगळी तरी असेल.

पण खरं कारण वाळू नव्हतं. आमच्या डोंगरावर खडीची खाण येणार म्हणून मोजणीचे दगड लागले होते, डोक्याला लाल रंग फासलेले. त्याच डोंगराचा गेरू आम्ही लग्नाच्या भिंतीला लावतो, त्याच्याच माथ्यावर आमचे देव. ग्रामसभेने नाही म्हटलं तर अडतं, पण निम्मा पाडा 'येऊ दे खाण' म्हणत होता. त्यात पुढे कोण? माझाच नातू सुरेश. त्याला खाणीवर डंपर चालवायला मिळणार होता, आणि वैशाखात त्याचं लग्न. मी बोलले तर म्हणायचा, आजी, तुझा डोंगर मला पगार देतो का?

घरच्या म्हातारीचं कोणी ऐकत नाही. तीच म्हातारी फोटोतून बोलली तर ऐकतात. म्हणून मी ठरवलं, मस्कतला मोठ्या कापडावर डोंगर काढायचा, त्याला खाणारं मशीन काढायचं. परक्या देशातली माणसं फोटो काढतील, फोटो फिरत फिरत ग्रामसभेच्या आधी पाड्यावर येईल. मग बघू म्हटलं सुरेश काय म्हणतो.

भाताची झोडणी उरकली आणि मी निघाले. जायचं तर याच दिवसांत जा. उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो म्हणे. मुंबईहून विमान थेट आहे. जेवणाचं ताट उघडून होतं न होतं तोच उतरवतात. शाल हाताशी ठेवा, विमानात फार थंडी.

मस्कतच्या विमानतळावर माझी पिशवी उघडली. आत लाल माती, तांदळाचं पीठ आणि बांबूच्या काड्या. साहेब माझ्याकडे बघतो, मी साहेबाकडे. भाषा कोणाचीच कोणाला येईना. मग मी एक काडी तोंडात धरून टोक चावलं, पीठ थुंकीने ओलं केलं आणि माझ्याच तळहातावर एक नाचणारा माणूस काढला. साहेबाने दुसऱ्या साहेबाला बोलावलं. त्या दुसऱ्याने आपला हात पुढे केला. त्याच्या हातावर तारपा वाजवणारा काढून दिला, तेव्हा ते "यल्ला, यल्ला" करत मला बाहेर पाठवायला लागले. तुम्ही मात्र माती नेऊ नका. सगळ्यांना चित्र काढता येत नाही.

वनिता माबेलाला राहते. मस्कतच्या कडेला, घरभाडं परवडतं म्हणून नोकरदार मंडळी तिथे राहतात आणि रोज गाडीने लांब कामाला जातात. घरं सगळी पांढरी, रस्ते आमच्या नदीएवढे रुंद, आणि चालणारं माणूस एक नाही. मी सकाळी पाय मोकळे करायला निघाले तर दोन गाड्या थांबल्या, कुठे सोडू म्हणून विचारायला. माणसं चांगली आहेत. पण पायांवर त्यांचा विश्वास नाही.

पहिल्याच संध्याकाळी प्रशांत भेटायला आला. नागपूरकडचा, पाइपलाइनचा इंजिनियर, प्रदर्शनातली आपली बाजू तोच सांभाळत होता. बायकोने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन आला, पाया पडला. मी त्याला डोंगराचं आणि मशीनचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घातली.

"आजी, तुमचं म्हणणं मला पटतं. आपल्या हक्कासाठी भांडावं लागतं, हे घरात ऐकतच मी मोठा झालो," तो म्हणाला. "पण परवानगी संस्कृतीच्या कार्यक्रमाची आहे. खाण, कंपनी, सरकार, यातलं काही भिंतीवर आलं तर हॉल बंद होईल. अर्जावर सही माझी आहे, आणि पोरं इथल्या शाळेत आहेत. तुम्ही लग्न काढा ना. लग्न सगळ्यांना आवडतं."

मी गप्प बसले. मी गप्प बसले की आमचा म्हातारा घाबरतो. प्रशांतला ते माहीत नव्हतं, तो खूश होऊन चहा प्यायला.

आता चित्र काढायचं म्हणजे कापडाला शेण-माती पाहिजे. माती होती. शेणासाठी वनिताने दवाखान्यात चार जणांना विचारलं, ते हसले. शेवटी एकीने सांगितलं, सहमच्या बाजूला शेतं आहेत, गाई आहेत. म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही शेण आणायला निघालो. गाडी वनिताच चालवते. माबेलाहून समुद्राच्या कडेकडेने मोठा रस्ता, एका बाजूला लांबवर डोंगर, झाड नसलेले, नुसती हाडं. वाटेत चहाच्या टपऱ्या लागतात. गाडीतच बसून भोंगा वाजवायचा, पोरगा धावत येतो. दुधाचा दाट चहा दोनशे बैशांच्या, म्हणजे तिकडच्या सुट्ट्या पैशांच्या, आत मिळतो, आणि पराठ्यात बटाट्याचे वेफर्स आणि चीज घालून गुंडाळून देतात. ऐकायला वेडेपणा वाटतो. मी दोन खाल्ले.

सहमच्या पुढे एका खजुरीच्या मळ्यात गाई दिसल्या. तिथे काम करणारा बिहारचा माणूस म्हणाला, "शेण पाहिजे? अर्बाबला विचारावं लागेल." मालक घरी नव्हता. त्याची आई बाहेर आली, माझ्याच वयाची, हातावर मेंदी. आम्हाला चटईवर बसवलं, खजूर आणि कॉफी पुढे केली. ती कॉफी कडू असते, पेला एवढासा. रिकामा झाला की ती पुन्हा भरते. मला वाटलं, नाही म्हणणं बरं दिसत नाही. पीत गेले, पीत गेले. माझा चेहरा बघून बिहारवाला म्हणाला, "अम्मा, प्याला हिलाओ." पेला जरा हलवून परत दिला की पुरे झालं असं समजतात. हे लक्षात ठेवा, नाहीतर रात्रभर जागे राहाल.

शेण कशाला, तिने विचारलं. लग्नाच्या भिंतीसाठी, असं वनिताने बिहारवाल्यामार्फत सांगितलं. म्हातारी उठली आणि आम्हाला मळ्यामागे घेऊन गेली. तिथे तिच्या सासऱ्याचं जुनं घर, मातीचं, पेंढा घालून लिंपलेलं. तिने भिंतीवर हात फिरवून दाखवला, कसं लिंपायचं ते. मी माझा हात फिरवून दाखवला, आम्ही कसं लिंपतो ते. तिचा हात आडवा जातो, माझा गोल. तेवढाच फरक. शेण तिने स्वतः बादलीत भरून दिलं, वर खजुरांचा डबा. गाडीत वास सुटला तसं वनिता म्हणाली, आजी, ही गाडी मला पुढे विकायची आहे. मी म्हटलं, गिऱ्हाईक पाड्यावरचं बघ.

कापड मत्रहच्या बाजारातून घेतलं. मत्रह म्हणजे जुनं बंदर, बोळात दुकानं, धूप आणि अत्तराचा वास. तिथे आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हमीदभाई कापडवाले रत्नागिरीकडचे. मी मराठीत विचारलं तशी त्यांनी खुर्ची पुढे केली. जाड, खळ नसलेलं सुती कापड त्यांनी ताणून दाखवलं आणि म्हणाले, "आजी, ह्याच्यावर शेण काय, तुमचा सगला डोंगर बसेल." डोंगराचं मी त्यांना काही बोलले नव्हते. ते आपले सहज बोलून गेले. पण मी तिथेच बसून राहिले, आणि मनात जे फिरत होतं ते ठरलं.

आमच्या लग्नात भिंतीवर चौक काढतात. चारी बाजूंनी नक्षी, आणि मध्ये पालघट देवी. ती आली की लग्न उभं राहतं. ती नसेल तर मांडव आहे, नवरा आहे, जेवण आहे, पण लग्न नाही. प्रशांतला लग्न पाहिजे होतं ना? मी लग्न काढलं. वनिताच्या घरात फरशीवर कापड पसरून सगळं काढलं: मांडव, तारपा, नाचणारी माणसं, कोंबड्या, ताडावर चढलेला आमचा म्हातारा. चौकाच्या चारी बाजू इतक्या बारीक भरल्या की पाठ धरली. आणि मध्ये काही काढलं नाही. नुसती लाल माती ठेवली. डोंगर नाही, मशीन नाही, कंपनी नाही. प्रशांतने सांगितलेलं एकही मोडलं नाही.

प्रदर्शन मत्रहच्या एका जुन्या घरात होतं, समुद्रासमोर. आत यायला पैसे नाहीत, गाडी लावायला मात्र फार फिरावं लागतं, म्हणून सकाळी जा. आमच्या समोरच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाच्या रूबीचं चित्र होतं. रूबी माझ्याहून थोडी लहान, काळीसावळी, डोक्याला रंगीत फडकं, हसली की सगळे दात दिसणारी. चित्रात नुसते ठिपके, लाल, पिवळे, पांढरे. आधी मला वाटलं, बाई धान्य पाखडून ठेवते आहे. मग वनिताने तिचं इंग्रजी मला मराठीत सांगितलं.

त्यांच्या वाळवंटात खाणवाले आले. सरकारने विचारलं, जमीन तुमची, तर कागद दाखवा. कागद नव्हते. तेव्हा म्हातारीकोतारी एका मोठ्या कापडावर बसली आणि ज्याचं जे पाणी, ज्याची जी वाट, ती ज्याने त्याने काढली. तेच कापड साहेबांपुढे अंथरलं. हा आमचा कागद, म्हणाले. आणि देवाच्या ज्या गोष्टी परक्याला दाखवायच्या नाहीत, त्या ठिपक्यांखाली झाकल्या. मी विचारलं, मग मिळाली जमीन? रूबी म्हणाली, काही मिळाली. काही अजून मागतो आहोत. काढणाऱ्यांतले पुष्कळ जण गेले, आता त्यांची पोरं काढतात.

मग ती माझ्या कापडापुढे येऊन उभी राहिली. नाचणारे बघून हसली, ताडावरच्या म्हाताऱ्याला बघून हसली. चौकापाशी आली आणि हसायची थांबली. ही देवीची जागा, वनिताने तिला सांगितलं. तिने त्या रिकाम्या जागेजवळ हात नेला, लावला नाही.

"ही निघून गेली," तिने वनिताला विचारायला सांगितलं, "की वाट बघते आहे?"

सांगते तुम्हाला, मी त्या जागेचा विचार रागाने केला होता. देवी नाही म्हणजे नाही, बघा आता काय करता ते, असा. रूबीने विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ती गेलेली नाही. डोंगराच्या खाली उभी आहे, आम्ही काय करतो ते बघत.

"वाट बघते," मी म्हटलं.

रूबीने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचा हात पण आमच्यासारखाच, बोटांच्या फटीत रंग.

तेवढ्यात प्रशांत पाहुण्यांची यादी घेऊन आला. चित्र बघून आधी खुलला, मग मध्ये बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, आजी, मधलं राहिलं का? लोकांना अपुरं वाटेल, उद्या मोठे पाहुणे येतील. एक छोटीशी देवी काढा ना.

"काढते," मी म्हटलं. "तू आमच्या डोंगरावरचे लाल दगड काढ, मी देवी काढते."

तो खुर्ची ओढून बसला. घाम पुसला. चित्राखाली लावायला त्याने एक पुठ्ठा करून आणला होता. मी म्हटलं, वाच बघू काय लिहिलं आहेस. त्याने वाचलं, 'पारंपरिक वारली विवाह'. म्हटलं, हे तर आंधळ्यालाही दिसतं. त्याने पुठ्ठा मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता कापड उतरवायला सांगणार. मी मनात घडी घालायला लागले होते.

त्याने खिशातून पेन काढलं, पुठ्ठा उलटा केला आणि एकच गोष्ट मराठीत, इंग्रजीत लिहिली, शेजारच्या माणसाकडून अरबीत लिहून घेतली. मग मला वाचून दाखवली.

"मधली जागा देवीची आहे. ती मोकळी का, ते आजीला विचारा."

आणि हळूच म्हणाला, "खाणीचं मी भिंतीवर काही लिहिलेलं नाही, आजी. लोकांनी विचारलं तर उत्तर द्यायला परवानगी लागत नाही."

मग काय विचारता. प्रदर्शन संपेपर्यंत माझा घसा बसला. शाळेतली पोरं आली, आपलीच, पण आपसात इंग्रजी बोलणारी. एक पोरगी अडखळत म्हणाली, आजी, देवी कुठे गेला? हमीदभाई दुकान बंद करून आले. बुरख्यातल्या बाया आल्या, गोऱ्या बाया आल्या. ज्याने विचारलं त्याला मी डोंगराचं सांगितलं, वनिता किंवा प्रशांत त्यांच्या भाषेत सांगत. मोठे पाहुणेही आले. पांढरा झगा घातलेले, वयस्कर. त्यांनी पुठ्ठा वाचला, मला विचारलं, सगळं ऐकलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला, ती येईल." प्रशांतने तेव्हा कुठे श्वास सोडला. हॉल काही बंद झाला नाही.

फोटो मला पाहिजे होता तसा पाड्यावर पोचला. पण पुढचं मी ठरवलं तसं नाही झालं. फोटोला जीभ नसते, आणि पाड्यावर पुठ्ठा कोण वाचणार? आमच्या बायांना एवढंच दिसलं की म्हातारीने परमुलखात चौक काढला आणि देवी विसरली. म्हाताऱ्याने फोन करून कळवलं की बाया दारात येऊन त्याला ओरडून गेल्या. तुझी बायको म्हातारी झाली, डोकं गेलं, आता लग्नं दुसरीकडून लावून घ्यावी लागतील. त्यानंतर सुरेशचा फोन आला. आवाज लहान झालेला.

"आजी, माझ्या लग्नात पण मोकळाच ठेवणार का?"

"ते माझ्या हातात आहे का बाबा?" मी म्हटलं. "गेरू जिथून आणते तो डोंगर तुझ्या डंपरमध्ये जाणार. मी देवी कशावर काढू, तुझ्या पगारावर?"

त्याने फोन ठेवला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

मी परतले तर अंगणात बाया जमलेल्याच. जाब विचारायला आल्या होत्या. त्याच पाहिजे होत्या मला. मी बोलावल्या असत्या तर कोणी आलं नसतं. भांडायला सगळ्या येतात. त्यांचं ओरडून झालं, मी खजूर वाटले, आणि रूबीचं सांगितलं. ज्याचं पाणी त्याने काढलं, ते सांगितलं. कोणीतरी विचारलं, मग देवी आहे कुठे? मी डोंगराकडे हात केला. पहिल्यांदा सगळ्या गप्प बसल्या. आमच्या पाड्यात हे मस्कतच्या प्रदर्शनापेक्षा मोठं.

ग्रामसभेच्या आधी घराघराच्या दर्शनी भिंतीवर चौक उठले. चारी बाजू भरलेल्या आणि मध्ये लाल माती. मोजणीचे साहेब गाडीतून उतरले, या भिंतीवरून त्या भिंतीवर बघत राहिले. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हे अर्धवट का? आणि उत्तर कोणी दिलं म्हणाल? सुरेशने. त्याने डंपरचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, वैशाखात माझं लग्न आहे. देवी यायची आहे."

ग्रामसभेने नाही म्हटलं. ठराव झाला. मला वाचता येत नाही म्हणून मी सुरेशकडून दोनदा वाचून घेतला. तो पुढे वर जाईल, परत येईल, पुन्हा भांडावं लागेल. रूबीने सांगितलंच आहे किती वेळ लागतो ते. लाल दगड अजून तिथेच आहेत. पण त्यांच्या अलीकडे आता पाडा उभा आहे. सुरेश आता दुधाचा टेम्पो चालवतो. माझ्याकडे बघत नाही, पण गेरू आणायला माझ्याबरोबर स्वतः चढला आणि टोपलं त्यानेच उचललं.

तिकडून काय आणलं, म्हणून लोक विचारतात. धूप आणला, तो म्हातारा डास पळवायला जाळतो. हमीदभाईंनी वर दिलेला कापडाचा तुकडा आहे. आणि रूबीने माझ्या काडीने हमीदभाईंच्याच एका चिंधीवर ठिपके काढून दिले आहेत. खाली काय झाकलं आहे, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता वैशाखाचं. मस्कतहून जे कोणी लग्नाला येणार, प्रशांत पोरांना घेऊन येतोच म्हणतो, त्यांनी हलवा आणू नका, म्हाताऱ्याला साखर आहे. खजूर आणा, येणार नसाल तर वनिताकडे द्या. सहमच्या त्या म्हातारीच्या मळ्यातलेच पाहिजेत, आणि तिला सांगा की देवी येते आहे. बिया काढलेले डब्यातले नकोत, बियांसकट पाठवा. वऱ्हाडाने खाऊन बिया डोंगराच्या पायथ्याशी लावायच्या, लाल दगडांच्या अलीकडे. इथे खजूर धरणार नाही म्हणतात. न धरू दे. आमची शिंदी तिची मावसबहीण आहे, ती सांभाळून घेईल. आणि वने, भरपूर पाठव. भांडायला आलेल्या सगळ्या बाया जेवायला पण येणार आहेत.